ताटाला नाही म्हणा, पंगतीला नको

खाप्यासारख्या गावात वजन कमी करायला घेतलं, की भुकेच्या आधी माणसांची अडचण येते. "घ्या ना जी, एवढ्यानं काही होत नाही," म्हणत ताटात दुसरी पुरणपोळी पडते. चौकात मित्रांसोबत तर्री-पोहे ठरलेले असतात. नाही म्हटलं की आधी थट्टा होते, मग "आता मोठी झाली तू" असा टोमणा येतो. थोड्या दिवसांनी माणूस स्वतःच लग्न, बारसं, हळदीकुंकू टाळू लागतो. वजन थोडं उतरतं, पण संध्याकाळ रिकामी होते. अनेकांचा निश्चय या रिकाम्या वेळीच मोडतो.

आपल्याकडे माया बोलून कमी आणि वाढून जास्त दाखवली जाते. त्यामुळे पदार्थ नाकारला की वाढणाऱ्याला आपल्यालाच नाकारल्यासारखं वाटतं. यात दोघांचाही दोष नाही. कन्हान नदीकाठचं, सावनेर तालुक्यातलं खापा हे हातमागाचं जुनं गाव. मागावर बसणाऱ्याचे हातपाय दिवसभर चालत. नागपूरची प्रसिद्ध सावजी भाजीही विणकरी करणाऱ्या कोष्टी समाजाच्या स्वयंपाकघरातूनच आली. पुढे माग कमी झाले, दारात मोटारसायकल आली. मेहनत घटली, तेल-तर्री आणि आग्रह मात्र तसाच राहिला.

वाढलेल्या वजनाची लाज वाटून माणूस आणखी एकटा पडतो. प्रत्यक्षात तो एकटा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात 15 ते 49 वयोगटातल्या 24 टक्के स्त्रिया आणि सुमारे 23 टक्के पुरुषांचं वजन गरजेपेक्षा जास्त आहे.

शरीरही विरोध करतं

वजन घटू लागलं की शरीराला ते संकट वाटतं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वजन घटवल्यानंतर वर्षभरानेही हे बदल पूर्ववत झालेले नव्हते. म्हणून सहा महिन्यांनीही सारखं खावंसं वाटणं हा मनाचा कमकुवतपणा नव्हे.

त्यात भर पडते ती मनाची. भांडण झालं की चिवडा, कंटाळा आला की चहा-बिस्किट, अशी बऱ्याच जणांची वर्षानुवर्षांची सवय असते. खाणं आवरलं की त्याखाली दबलेला राग, दुःख किंवा एकटेपणा वर येतो. त्याला दुसरी वाट दिली नाही तर पाय पुन्हा डब्याकडे वळतात.

सोबतीचा फायदा

अमेरिकेत 1999 मध्ये 166 जणांवर झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. काही जण एकटे आले होते, काही मित्रांना घेऊन. चार महिन्यांच्या उपचारात घटलेलं वजन पुढचे सहा महिने पूर्णपणे टिकवणारे, एकटे येऊन नेहमीचा उपचार घेणाऱ्यांत 24 टक्के होते. मित्रांसोबत आलेल्या आणि एकमेकांना आधार देण्याचं प्रशिक्षण मिळालेल्या गटात हे प्रमाण 66 टक्के होतं. मित्र जमवू शकणारी माणसं मुळातच थोडी वेगळी असतील, हे धरूनही फरक मोठा आहे.

आपल्याकडचं उदाहरण डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या मोहिमेचं. नागपूर जिल्ह्यातलेच डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून तिची सुरुवात झाली. दोन वेळाच जेवण्याच्या पद्धतीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये. पण ही मोहीम घराघरांत पोचली, त्यात व्हॉट्सअॅप गटांचा वाटा मोठा होता. आपल्यासारखीच धडपड करणारी माणसं तिथे भेटत होती.

काय करता येईल?

• पंगत टाळू नका. जा, बसा, हवं तेवढंच वाढून घ्या, हळू जेवा. "पोळी नको, पण तुमच्या हातचं वरण घेते," असं म्हटलं की वाढणाऱ्याचा मानही राहतो.

• घरातल्या एकाला तरी विश्वासात घ्या. "मला मदत कर" एवढं पुरत नाही. "रात्री जेवल्यावर वीस मिनिटं माझ्यासोबत चाल," असं नेमकं सांगा.

• घरातल्या बाईने स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक करू नये. भाकरी, वरण, पालेभाजी सगळ्यांनाच चालते. बदल प्रमाणात करावा. नाहीतर सगळ्यांना वाढून शेवटी आपलं वेगळं ताट घेऊन ती एकटीच बसते.

• अवेळी खावंसं वाटलं तर दहा मिनिटं थांबा. भूक आहे, की राग, कंटाळा, आठवण? खरी भूक असेल तर खा. नसेल तर शेजारी जा किंवा कुणाला फोन करा.

• एक दिवस बिघडला म्हणून सगळं संपत नाही. दुसऱ्या दिवशी उपास करून शिक्षा घेऊ नका, पुढचं जेवण नेहमीसारखं करा.

• काट्यावर रोज चढू नका, आठवड्यातून एकदा पुरे. दम न लागता जिना चढता येतो का, झोप नीट लागते का, हेही पाहा.

दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, भरमसाट खाऊन उलटी काढली जात असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. सरकारच्या 'टेलि मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येतं.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. वजन कमी करणाऱ्याला रोज "किती उतरलं?" विचारू नका आणि ताटातही डोकावू नका. "चल, नदीकडे चक्कर मारून येऊ," एवढं म्हणा आणि सोबत निघा.