भाकरीचा तवा : निवड, वापर व निगा

ज्वारी व बाजरी पिकविणाऱ्या भागात भाकरी हे रोजचे अन्न होय. शेतकरी कुटुंब बियाणे आणि अवजारे पारखून घेते. परंतु ज्यावर दोन्ही वेळचे अन्न भाजावयाचे, तो तवा मात्र पुष्कळदा बाजारात हाती लागेल तोच घेतला जातो. मग भाकरी चिकटते, एकीकडे करपते तर दुसरीकडे कच्ची राहते, सरपण किंवा गॅस अधिक जळतो आणि गृहिणीचा वेळ चुलीपुढेच जातो. योग्य तवा एकदा घेतला व त्याची निगा राखली, तर तो अनेक वर्षे सेवा देतो.

जाड तवा का हवा?

ज्वारी-बाजरीच्या पिठात गव्हाप्रमाणे ग्लुटेन नसते. त्यामुळे भाकरी तव्यावर टाकताच तिची खालची बाजू धरली पाहिजे. तवा पातळ असल्यास ओल्या भाकरीने तो एकदम निवतो व भाकरी चिकटते. जाड तव्यात उष्णता साठून राहते आणि ती सर्वत्र सारखी पोहोचते.

तव्याचे प्रकार

१. *लोखंडी पत्र्याचा तवा* : मजबूत असतो व पडला तरी फुटत नाही. पत्रा जाड असेल, तर रोजच्या भाकरीस हा तवा उत्तम.

२. *बिडाचा तवा* : उष्णता दीर्घकाळ धरतो. घावन, आंबोळी व डोसे यांस विशेष चांगला. बिडात कार्बनचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असल्याने ते ठिसूळ असते. तवा आपटल्यास किंवा तापलेला असताना त्यावर थंड पाणी ओतल्यास तो तडकतो.

३. *ॲल्युमिनियमचा तवा* : हलका असतो, लवकर तापतो व तितक्याच लवकर निवतो.

४. *नॉनस्टिक तवा* : यावरील मुलामा सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो व त्यातून अपायकारक वायू निघतात. भाकरीस प्रखर आच लागते आणि दोन भाकरींच्या मध्ये तवा रिकामा तापतो. म्हणून भाकरीसाठी हा तवा घेऊ नये.

खरेदी करताना

तवा सपाट फरशीवर ठेवून पाहावा. सपाट बुडाचा तवा डुगडुगत असल्यास घेऊ नये. तव्याचा व्यास भाकरीपेक्षा सर्व बाजूंनी दोन बोटे अधिक असावा. बिडाचा तवा उचलून धरून हलके ठोकावा. आवाज खणखणीत आल्यास तो अखंड समजावा, दबका आल्यास तडा असण्याचा संभव असतो. विजेच्या इंडक्शन शेगडीवर वापरावयाचा असल्यास लोखंडी अथवा बिडाचा, परंतु सपाट बुडाचाच तवा घ्यावा.

नवा तवा तयार करणे

गंज चढू नये म्हणून विक्रेते तव्यास तेलकट लेप देतात. तो गरम पाणी, साबण व काथ्याने घासून काढावा. तवा आचेवर पूर्ण कोरडा करावा. नंतर जवसाचे किंवा करडईचे तेल अगदी पातळ चोळून फडक्याने पुसून घ्यावे व धूर येणे थांबेपर्यंत तवा तापवावा. तो निवल्यावर हीच कृती तीन-चार वेळा करावी. तापलेल्या तेलाचा कठीण काळा थर बनतो. तो गंज रोखतो व पदार्थ चिकटू देत नाही. तेल जाड लावल्यास मात्र थर चिकट राहतो.

भाकरी भाजताना

तव्यावर चिमूटभर पीठ टाकावे. ते हळूहळू तांबूस झाल्यास तवा योग्य तापला असे समजावे. लगेच काळे पडल्यास आच कमी करावी. भाकरीची पिठाची बाजू वर ठेवून तिला लगेच पाण्याचा हात फिरवावा. पाणी न लावल्यास वरची बाजू सुकून तडे जातात. मग वाफ बाहेर निसटते व भाकरी फुगत नाही. पाणी सुकण्यापूर्वीच भाकरी उलटावी.

निगा

काम झाल्यावर तवा निवू द्यावा, धुवावा, आचेवर कोरडा करावा व तेलाचा हात लावून ठेवावा. तो पाण्यात भिजत टाकू नये. गंज चढल्यास तवा फेकून न देता घासून पुन्हा तयार करावा.

एक गैरसमज

लोखंडी तव्यावरील भाकरीने रक्तक्षय बरा होतो, असा समज आढळतो. लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरते हे खरे. परंतु ते प्रामुख्याने ओल्या व आंबट पदार्थांत, आणि ते भांड्यात काही वेळ शिजल्यास. भाकरीचा तव्याशी संबंध अल्पकाळ येतो व ती लवकर सुकते. त्यामुळे तिच्यात लोह फारच थोडे उतरते. टोमॅटो किंवा चुक्याची भाजी लोखंडी कढईत शिजविल्यास लाभ अधिक. मात्र शिजताच ती दुसऱ्या भांड्यात काढावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणून तव्याच्या भरवशावर राहून लोहाच्या गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. थकवा, धाप किंवा फिकेपणा जाणवल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीत गंजलेला एखादा जुना तवा घेऊन तो तयार करण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे आणि त्याच वेळी ही गोष्ट गृहिणींना समजावून सांगावी.