नोकरी गेली, झोपही गेली

सातपूर-अंबडकडचे कामगार आणि कारकून माझ्या दवाखान्यात येतात ते बहुधा पित्ताची तक्रार घेऊन. छातीत जळजळ, भूक नाही, झोप नाही. औषध लिहिता लिहिता मी सहज विचारतो, "सध्या शिफ्ट कोणती?" आणि माणूस खाली पाहू लागतो. नोकरी जाऊन महिना झालेला असतो.

कारखानाच बंद पडला तर दुःख सगळ्यांचे मिळून असते. पण साहेबांच्या दोन गटांच्या भांडणात, कुणी कान भरल्यामुळे एकट्यालाच गेटवर अडवले, तर ते दुखणे निराळे. इथे पगाराबरोबर अब्रूही जाते. "काही केल्याशिवाय का काढतात?" हे शेजाऱ्यांचे वाक्य जिव्हारी लागते. एक गृहस्थ तीन आठवडे रोज डबा घेऊन घरून निघत आणि गोदाकाठी बसून संध्याकाळी परतत. बायकोला संशय आला तो कपडे धुताना. युनिफॉर्मवर तेलाचा एकही डाग नव्हता! तीच त्यांना माझ्याकडे घेऊन आली, तेव्हा रक्तदाब १७०/११० होता. पैसे वाचवायचे म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळी आधीच बंद केली होती. ही काटकसर फार महागात पडते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

अशा माणसाच्या डोक्यात रात्रभर खटला चालू असतो. तो असे म्हणाला, मी असे उत्तर द्यायला हवे होते. साहेब आपल्या घरी झोपलेला असतो, पण आपले शरीर मात्र तो समोर उभा असल्यासारखेच वागते. अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात उतरतात, नाडी जलद होते, साखर वाढते, झोप उडते. त्यावर उतारा म्हणून घेतलेली दारू झोप आणखी बिघडवते.

हा खटला डोक्यातून कागदावर उतरवा, असे मी सांगतो. त्याला आधार आहे. अमेरिकेत नोकरी गेलेल्या इंजिनिअरांवर झालेला एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना सलग पाच दिवस, रोज थोडा वेळ, नोकरी गेल्याबद्दल मनात जे आहे ते लिहायला सांगितले. पुढच्या काही महिन्यांत, न लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांच्यापैकी जास्त जणांना काम मिळाले. गंमत अशी, की त्यांनी अर्ज काही जास्त केले नव्हते. संशोधकांचा तर्क असा, की मुलाखतीत जुन्या मालकाबद्दलची कडवट भाषा त्यांच्या तोंडून कमी आली असावी. मला हा तर्क पटतो. नव्या साहेबासमोर जुन्या साहेबाची गाऱ्हाणी सांगणारा उमेदवार आपणही दारातूनच परत पाठवू.

दुसरी वही तारखांची ठेवा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, चार्जशीट, कोण काय म्हणाले, सगळे तारखेनिशी. दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका. दाद मागायला मुदत असते, तेव्हा कामगार कार्यालयात किंवा वकिलाकडे लवकर जा. लढायचे की सोडून द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण एकदा कागद वकिलाकडे गेले की रात्री त्यांची राखण करावी लागत नाही, हा फायदा मी पाहिलेला आहे.

ऑस्ट्रियातील मारिएंथाल गावची गिरणी बंद पडल्यावर १९३० च्या सुमारास तेथे संशोधक गेले. त्यांना दिसले, की बेकार पुरुष रस्त्याने हळू चालतात, घड्याळ बाळगत नाहीत आणि भरपूर वेळ असूनही वाचनालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तके नेतात. म्हणून ठरल्या वेळी उठा, दाढी करा, रोज अर्धा तास भरभर चाला. घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. ईएसआयचे कार्ड फेकू नका. भरलेल्या वर्गणीच्या हिशेबाने नोकरी सुटल्यावरही काही काळ उपचार मिळू शकतात, सातपूरच्या कामगार रुग्णालयात विचारून घ्या.

घरच्यांसाठी एक सूचना. "माझ्या मागे विम्याचे पैसे मिळतीलच," असे तो बोलू लागला तर थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटा ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे आणा. रात्र असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक लावा. फोन मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते.