पिवळ्या वाडग्याचे रसायन

चीनमध्ये छिंग घराण्याच्या काळात (इ. स. १६४४ ते १९१२) राजवाड्यातील वाडगा कोणाचा, हे त्याच्या रंगावरून कळे. आतबाहेर पिवळा वाडगा सम्राट, राजमाता व पट्टराणी यांचा. बाहेरून पिवळा पण आतून पांढरा वाडगा पट्टराणीखालोखालच्या राणीचा. त्याखालच्या राण्यांना पिवळ्यावर हिरवे ड्रॅगन, त्याहून खाली निळ्यावर पिवळे ड्रॅगन, अशी ही उतरंड होती.

हे रंग येतात धातूंच्या ऑक्साइडांमुळे. पिवळा लोहाचा, हिरवा तांब्याचा, निळा कोबाल्टचा. राजवाड्याची भांडी जिंगदेझेन येथे घडत. केओलिन ही पांढरी माती (हे नाव तेथल्याच गाओलिंग गावावरून पडले) आणि एका दगडाची पूड यांचे मिश्रण सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजत. त्यातला काही भाग वितळून काच होते, छिद्रे बुजतात आणि भांडे पाणी शोषेनासे होते.

कोबाल्टचा निळा रंग एवढा ताप सोसतो. म्हणून निळी नक्षी कच्च्या भांड्यावर काढून, वर झिलई देऊन एकदाच भाजता येते. पिवळ्या आणि हिरव्या झिलईत मात्र शिसे असते. शिशाच्या ऑक्साइडामुळे काच कमी तापमानाला वितळते. म्हणून भांडे आधी कडक भाजून, मग ही झिलई देऊन, सुमारे ८०० अंशांना पुन्हा भाजत.

नक्षीलाही अर्थ असे. आपल्याकडे अशुभ मानले जाणारे वटवाघूळ या वाडग्यांवर दिमाखात उडताना दिसते. कारण चिनी भाषेत ‘वटवाघूळ’ आणि ‘भाग्य’ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘फू’ असा आहे. पाच वटवाघळे म्हणजे पाच सुखे: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि नैसर्गिक मरण.

यातले आरोग्य मात्र पिवळ्या वाडग्याशी जुळत नाही. शिशाच्या झिलईतून आंबट पदार्थात शिसे उतरू शकते आणि शिसे शरीराला विषारी आहे. कडक भाजलेल्या पांढऱ्या झिलईत ते नसते. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या राणीचा वाडगा सम्राटाच्या वाडग्यापेक्षा अधिक निर्धोक होता!

आम्ही सुचवतो की, निळ्या नक्षीला एक भट्टी पुरते आणि पिवळ्या रंगाला दोन का लागतात, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. आणि घरातल्या जुन्या रंगीत भांड्याच्या झिलईची खात्री नसेल, तर त्यात चिंचेचे सार किंवा लोणचे ठेवू नये, हेही सांगावे.