शिकारीचा पॉडकास्ट? होस्ट असा हवा, बॉस!

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीचा जॅम. कानात इअरफोन. क्रिकेट ऐकून झालं, शेअर मार्केट ऐकून झालं, भुताच्या गोष्टीही संपल्या. तेवढ्यात मित्र एक लिंक पाठवतो : अमेरिकेतला शिकारीचा पॉडकास्ट. तुम्ही नाक मुरडता. शी, शिकार? आणि मग जॅम कधी सुटला तेच कळत नाही!

त्यात नवल काही नाही. माणूस शेकोटीभोवती बसून शिकारीच्या गोष्टी ऐकत आला, आता इअरफोनमधून ऐकतो, इतकंच. पण असा पॉडकास्ट मराठीत काढायचा म्हटलं, तर माइकसमोर बसवायचा कुणाला? बंदूक चालवणाऱ्याला? भारदस्त आवाजवाल्याला? आमचं म्हणणं सरळ आहे. ज्याला गप्प बसता येतं आणि गोष्टीतल्या जनावराची बाजूही ठाऊक असते, तोच खरा होस्ट. बाकी सगळी फेकाफेकी!

तिकडचा फॉर्म्युला, इकडचा कायदा

अमेरिकेत स्टीव्हन रिनेला यांचा ‘मीटईटर’ तुफान चालतो. हा माणूस शिकारी, लेखक आणि वर स्वयंपाकातही पक्का. तिथे शिकारीला लायसन्स मिळतं, ठराविक सीझन असतो. १९३७ च्या एका कायद्यामुळे रायफल आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. त्यामुळे तिथला होस्ट ‘या सीझनला काय मारलंस?’ असं बिनधास्त विचारतो.

आपल्याकडे हा प्रश्न विचारलात तर पाहुणा आत! वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. फासे लावणं, जनावर हाकणं, पाठलाग करणं, घरट्यातली अंडी उचलणं, एवढंच काय, नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. काळविटासारख्या पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याला मारलं तर ३ ते ७ वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. म्हणजे तिकडचा फॉरमॅट कॉपी-पेस्ट करून चालणार नाही. आपल्या होस्टकडे मटेरियल उरतं ते आठवणींचं, माग काढण्याच्या कसबाचं आणि रात्री शेत राखणाऱ्या माणसाचं. आणि ते काही कमी नाही.

माइकवाले माडगूळकर

पॉडकास्ट हा शब्द आला २००४ मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधी असा होस्ट कसा असावा याचा नमुना आपल्याकडे होऊन गेलाय. व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१). ‘बनगरवाडी’वाले, तेच. स्वतः शिकारीचे शौकीन. आणि १९५५ ते १९८५ अशी तीस वर्षं नोकरी कुठे? पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात! म्हणजे रानही माहीत, माइकही माहीत आणि गावच्या माणसाशी कसं बोलायचं तेही माहीत. पुढे हाच माणूस नागझिऱ्याच्या जंगलात नुसतं बघायला जाऊन राहिला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. वानरांच्या टोळीवरची त्यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी साहित्य अकादमीचा पुरस्कार घेऊन गेली.

यातला फंडा काय? नेम धरणाऱ्या डोळ्याला नुसतं बघायलाही शिकता येतं. होस्ट निवडताना हे बघा. त्याने किती मारलं याला शून्य मार्क. किती पाहिलं याला फुल मार्क!

‘केवढा होता?’ नको, ‘का?’ विचारा

शिकारकथेतला वाघ दर वेळी सांगताना फूटभर वाढतो, हे जगजाहीर. जुने शिकारीसुद्धा वाघ दोन पद्धतींनी मोजायचे : नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंटी ठोकून सरळ रेषेत, किंवा अंगाच्या उंचवट्यांवरून टेप फिरवून. दुसऱ्या पद्धतीत काही इंच आपोआप बोनस! चांगला होस्ट हसत हसत एवढंच विचारेल, ‘काका, टेप कशी धरली होती?’

पण त्याहून मोठा प्रश्न ‘का?’ हा. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. दुसरा कुणी असता तर आकड्यावरच थांबला असता. कॉर्बेटने तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे सुळे तुटलेले, जुन्या गोळीने. नेहमीचं सावज धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असं त्याने लिहून ठेवलं. वाघीण मेल्यावरही तिची बाजू ऐकून घेणं याला म्हणतात होस्टिंग.

आपल्याकडे २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीला गोळी घातली गेली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. शहरात निषेध, तिथल्या गावांमध्ये सुटकेचा निःश्वास. दोन्ही बाजू मनापासून बोलत होत्या. त्यांना एका टेबलावर बसवून, आवाज न चढवता बोलतं करणारा होस्ट आपल्याला हवाय.

एपिसोड : कुंभार पिंपळगाव

आता प्रॅक्टिकल घेऊ. समजा, तुम्ही रेकॉर्डिंगला जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावला गेलात. वाघाचं जंगल शोधू नका, इकडे गोदाकाठचा शेतीचा मुलूख आहे. ऊस, कापूस, तूर, मोसंबी. मराठवाड्यात शिकारीची गोष्ट वाघाची नसते, ती असते रोह्याची, रानडुकराची, सशा-तितराची. ती सांगणारा माणूस बहुतेक वेळा शिकारी नसतोच. तो रात्री जागलीला जाणारा शेतकरी असतो.

इथे होस्टची खरी परीक्षा. ‘सर, तुमचा थ्रिलिंग एक्सपीरियन्स शेअर करा ना’ असं म्हणालात की संपलं. समोरचा दोन वाक्यांत उरकेल. त्यापेक्षा चहा घ्या. ‘बापू, डुकरं कुठल्या अंगानं येतात?’ असं विचारा आणि गप्प बसा. मग कळेल की एका रात्रीत उभं पीक आडवं होतं म्हणजे काय, कुत्रं कुठल्या आवाजावर भुंकतं, ओल्या मातीत खूर कसा उमटतो. नीलगाय आणि रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी अटींवर मिळू शकते, पण त्या कागदामागे फिरायचं कुणी आणि बंदूक आणायची कुठून, हेही बाहेर येईल. मध्येच तो थांबेल. तुम्ही थांबा. ती शांतता एडिट करू नका, राव. तीच एपिसोडची जान आहे.

पाहुण्याला गोत्यात आणू नका

फासेपारधी समाजाकडे तितराची हुबेहूब शीळ आहे, मागाचं पिढीजात ज्ञान आहे. जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवायला ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा केला. १९५२ मध्ये त्या जमाती कागदावर मोकळ्या झाल्या, पण शिक्का अजून पुसलेला नाही. अशा पाहुण्याला ‘शेवटचं कधी पकडलंत?’ विचारून तुम्हाला व्ह्यूज मिळतील, त्याला मात्र दारात पोलीस.

मारुती चितमपल्लींची रीत बघा. वनखात्यात अधिकारी असूनही जंगलातल्या माणसांचे ते विद्यार्थी झाले. नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या, रान कोळून प्यायलेल्या माणसाकडून शिकले आणि लिहिताना त्यांचं श्रेय त्यांना दिलं.

तेव्हा सिलेक्शनच्या वेळी ही चेकलिस्ट जवळ ठेवा :

* ज्या कबुलीने पाहुणा अडकेल, ती रेकॉर्ड झाली तरी कापणारा.
* फासे, सापळे, कुंपणात करंट सोडणं यांची ‘रेसिपी’ कधीच न सांगणारा. त्या करंटने माणसंही मरतात.
* ठसा कोल्ह्याचा की कुत्र्याचा, हे कळत नसेल तर सरळ विचारणारा.
* हुकलेल्या नेमाची गोष्ट तेवढ्याच चवीने ऐकणारा.
* एपिसोड संपल्यावर पाहुण्याला आधी ऐकवणारा, मग अपलोड करणारा.

असा कुणी तुमच्या ऑफिसात सापडला, तर त्याला माइक घेऊन द्या. बंदुकीचं लायसन्स नसलं तरी चालेल. कान तेवढे शाबूत हवेत!