कोलंबोहून गोराई रोडपर्यंत

भाईंदर स्टेशनातून पूर्वेला उतरून खाडीच्या दिशेने चालू लागले, की जेसल पार्कची वस्ती लागते. संध्याकाळी तिथल्या चौपाटीवर वसईच्या खाडीचा वारा खायला माणसे जमतात. मुले धावत असतात, गृहिणी घटकाभर टेकलेल्या असतात, आणि अशा जमावात एखादे तरी आजोबा असे निघतात, की ज्यांच्या सदऱ्याच्या खिशातून जुन्या चित्रपटगीताचे सूर ऐकू येतात. खिशात मोबाइल असो की लहानसा ट्रान्झिस्टर, गाणे बहुधा विविधभारतीचे असते. या गाण्यांचे माहेर किती जवळ आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. भाईंदरहून चर्चगेटकडे जाणारी लोकल पकडावी, मीरा रोड आणि दहिसर मागे टाकावे, आणि तिसऱ्या स्टेशनावर, बोरिवलीला, उतरावे. तिथल्या गोराई रोडवर विविधभारतीचे घर आहे. साऱ्या देशाला गाणी ऐकवणारे हे केंद्र मीरा-भाईंदरकरांच्या अगदी शेजारचे!

परंतु या शेजारणीची कुळकथा सरळ नाही. मुंबईतले गाणे मुंबईकरांच्या कानी पडायला एके काळी समुद्रापलीकडे सिंहलद्वीपाला जाऊन परत यावे लागत होते. ते का, आणि ते परत घरी कसे आले, त्याची ही हकिगत.

हौशी मंडळींचा खेळ

मुंबईच्या आकाशात पहिला आवाज उमटला तो १९२३ साली, मुंबईच्या रेडिओ क्लबातील हौशी मंडळींच्या खटपटीने. त्यानंतर चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. कंपनीची भिस्त मुख्यतः श्रोत्यांच्या परवान्यांवर होती. रेडिओ ही तेव्हा श्रीमंतांची चैन. परवान्यांची संख्या काही हजारांपलीकडे गेली नाही आणि १९३० साली कंपनीचे दिवाळे वाजले. सरकारने तो कारभार हाती घेतला, आणि १९३६ मध्ये त्याचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे नामकरण झाले.

तेव्हापासून एक गोष्ट ठरून गेली. आकाश सरकारचे, मग त्यातून काय ऐकू यावे, तेही सरकारच ठरवणार. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण ही समजूत बदलली नाही.

मंत्र्यांची आवड आणि लोकांची आवड

१९५२ साली नभोवाणीचे खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. गृहस्थ पुण्यात जन्मलेले, पॅरिसला जाऊन डॉक्टरेट मिळवलेले, आणि शास्त्रोक्त संगीताचे जाणकार. संस्थानांचा आश्रय तुटलेल्या गवया-बजवय्यांना आता रेडिओनेच आधार दिला पाहिजे, असे त्यांचे मत होते, आणि त्यात वावगे काहीच नव्हते. पण त्याचबरोबर चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडत चालली आहे, असेही त्यांना मनापासून वाटे.

मग आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. गाणे लावले तरी चित्रपटाचे नाव घ्यायचे नाही, कारण ती जाहिरात ठरते, असा दंडक आला. निर्माते रागावले. आमचेच गाणे वाजवायचे आणि आमचेच नाव गाळायचे, हा कुठला न्याय? करारमदार मोडले, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले.

केसकरांना नावे ठेवणे आज सोपे आहे. पण त्यांच्या पदरात पुण्यही टाकले पाहिजे. आकाशवाणी संगीत संमेलने त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. चित्रपटगीताची जागा भरून काढायला सुगम संगीत हवे, म्हणून केंद्राकेंद्रांवर कवी आणि संगीतकार जमवले गेले. पुण्याचे केंद्र १९५३ साली सुरू झाले, आणि त्या केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याआठवड्याने गीतरामायण ऐकू येऊ लागले. ग. दि. माडगूळकरांची शब्दकळा, सुधीर फडक्यांच्या चाली, आणि एकंदर ५६ गीते. त्या वेळी माणसे रेडिओला हार घालून ऐकायला बसत, हे घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आहे. सरकारने लोकांना चांगले ऐकवायचे ठरवले, तर काय घडू शकते, याचा याहून उजवा दाखला मिळणार नाही.

मात्र चांगले ऐकवणे वेगळे आणि आवडते ऐकू न देणे वेगळे. पहिल्याने गीतरामायण मिळाले. दुसऱ्याने श्रोताच घराबाहेर गेला.

बुधवारची रात्र

तो गेला थेट कोलंबोला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशियाई सैन्यासाठी सिलोनमध्ये एक शक्तिमान प्रक्षेपण केंद्र उभारले होते. युद्ध संपले, सैन्य गेले, यंत्रे राहिली. ती सिलोनच्या पदरात पडली. लघुलहरींचा एक गुण असा, की त्या वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून पुन्हा खाली उतरतात आणि शेकडो कोसांवरही ऐकू येतात. कोलंबोत बोलावे आणि मुंबईत, नागपुरात, पार हिमालयाच्या पायथ्याशी ऐकावे! १९५० मध्ये रेडिओ सिलोनने व्यापारी विभाग काढला. ज्या गाण्यांना दिल्लीने दार लावले, त्यांना कोलंबोने पाट मांडला.

यातला विनोद असा, की कार्यक्रम बनत होते मुंबईतच! इथल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण व्हायचे, फिती विमानाने कोलंबोला जायच्या, आणि तिथून गाणी वाऱ्यावर बसून परत मुंबईला यायची.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. त्या रात्री दंतमंजनाच्या एका कंपनीच्या नावाने ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होता विशीत नुकता पोचू पाहणारा एक तरुण, अमीन सयानी. दर आठवड्याला २५ रुपये मेहनताना, आणि त्यात लिहिणे, बोलणे, पत्रे वाचणे सगळे आले. पहिल्या कार्यक्रमात सात गाणी वाजवून त्यांचा क्रम श्रोत्यांनी ओळखायचा, असा खेळ होता. शेदोनशे पत्रे येतील अशी अपेक्षा. आली ९ हजार! पुढे हाच आकडा आठवड्याला ६५ हजारांपर्यंत गेला, असे सयानी सांगत. मग गाण्यांना पायऱ्या मिळाल्या. तबकड्यांचा खप आणि श्रोतासंघांची पत्रे यांवरून क्रम लागे, आणि वरच्या पायरीवर कोण चढणार यावर घराघरात पैजा लागत.

सयानींच्या भाषेचे मूळ जाणून घेण्यासारखे आहे. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेने नवशिक्षितांसाठी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवत. सोपी, सर्वांना समजेल अशी हिंदुस्थानी हा त्या पत्राचा बाणा. लहानपणी आईला मदत करता करता मुलाच्या जिभेवर ती भाषा बसली. संस्कृतप्रचुर सरकारी हिंदी ऐकून कंटाळलेल्या श्रोत्याला ‘बहनों और भाइयों’ ही हाक आपल्या घरातली वाटली, यात नवल ते काय? हे अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निवर्तले.

पंचरंगी कार्यक्रम

श्रोता कोलंबोला गेला, त्याच्यामागून जाहिरातीचा पैसाही गेला. शेवटी दिल्लीला उमजले, की दार लावून माणसे घरात राहत नाहीत. घरातच काहीतरी गोडधोड करावे लागते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविधभारती’ सुरू केली. (दुसऱ्याच दिवशी रशियाने स्पुटनिक सोडला आणि जगभरच्या रेडिओंतून त्याची ‘बीप-बीप’ ऐकू आली. आकाशाचे ते दिवसच भाग्याचे!) नव्या सेवेची सूत्रे कवी पंडित नरेंद्र शर्मा यांच्याकडे आली. उद्घाटनाचे गीत त्यांनीच लिहिले. चाल अनिल विश्वासांची आणि आवाज मन्ना डे यांचा. ज्या केसकरांनी चित्रपटगीताला बाहेर काढले, त्यांच्याच कारकिर्दीत ते वाजतगाजत घरी परतले.

विविधभारतीने स्वतःला ‘पंचरंगी कार्यक्रम’ म्हणवून घेतले, आणि ते नाव तिने सार्थ केले. ‘हवामहल’च्या झलकी, ‘छायागीत’, सीमेवरच्या जवानांसाठी ‘जयमाला’, रागदारीची ओळख करून देणारी ‘संगीत सरिता’. केसकरांना हवा असलेला राग आणि लोकांना हवे असलेले गाणे ‘संगीत सरिते’त एका ताटात वाढले गेले. जे सक्तीने साधले नाही, ते संगतीने साधले.

त्याच सुमारास ट्रान्झिस्टर आला. तोवर रेडिओ म्हणजे दिवाणखान्यातली मोठी पेटी. तिला भरतकाम केलेले आच्छादन, गच्चीवर एरियल, आणि वर्षाला परवान्याची फी. ट्रान्झिस्टरने तिला पाय फोडले. गाणे स्वयंपाकघरात गेले, न्हाव्याच्या दुकानात गेले, शेताच्या बांधावर गेले. त्याचबरोबर पत्रांचा पूर आला. झारखंडातल्या झुमरीतलैया या अभ्रकाच्या गावाचे नाव साऱ्या देशाला पाठ झाले, ते केवळ तिथून येणाऱ्या फर्माइशींमुळे! मुंबई केंद्रावर मराठी गीतांसाठी ‘आपली आवड’ होतीच. आपले नाव, आपल्या गावाचे नाव रेडिओवर उच्चारले जावे, यासाठी माणसे पोस्टकार्डे खरडत.

चंदा समितीच्या शिफारशीनंतर १ नोव्हेंबर १९६७ पासून विविधभारतीवर जाहिराती सुरू झाल्या. हा मान प्रथम मिळाला मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच तीन शहरांना. आणि १९८९ मध्ये खुद्द गीतमालाही सिलोन सोडून विविधभारतीवर आली. कोलंबोचा फेरा सदतीस वर्षांनी पुरा झाला.

दोन हजार दोन साल

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हवेतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारचा किंवा कुणाचाच मक्ता असू शकत नाही. त्यापूर्वी १९९३ पासून आकाशवाणी आपल्या एफ. एम. वाहिनीवरील काही तास खासगी मंडळींना देऊ लागली होती. आता परवान्यांचे लिलाव झाले. देशातले पहिले खासगी केंद्र २००१ मध्ये बंगळूरला निघाले, आणि २००२ मध्ये मुंबईत एकामागून एक केंद्रे सुरू झाली. योगायोग पाहा, त्याच वर्षी, २८ फेब्रुवारीला, मीरा-भाईंदरची महानगरपालिका अस्तित्वात आली. मिठागरांच्या शेजारची गावे शहर झाली. २०११ च्या जनगणनेत तिथली वस्ती ८ लाख ९ हजारांवर गेलेली दिसते. मुंबईच्या चाळींतल्या दोन खोल्या सोडून इथे बिऱ्हाड थाटलेल्या माणसाला रोजचा लोकलचा प्रवास लांबला, आणि त्या प्रवासात कानाला सोबत हवी होती. ती या नव्या केंद्रांनी पुरवली.

पण श्रोत्याला जे हवे ते मिळाले का? सुरुवातीच्या परवान्यांची फी मुळात जबर, आणि ती दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढायची. बातम्या द्यायला बंदी. मग खर्च भागवायचा कसा? जाहिरातीने, आणि जाहिरात मिळवायची कशी? जे सर्वांना चालेल तेच वाजवून. केंद्रे निराळी, निवेदकांची बडबड निराळी, पण गाणी तीच! २००५ नंतर ठरीव फीऐवजी उत्पन्नाचा ४ टक्के हिस्सा घ्यायचे ठरले आणि केंद्रांना श्वास घेता आला. तरी शर्यतीची सवय सुटली नाही. त्या शर्यतीत मराठी भावगीत मागे पडले. मंत्र्याची आवड जाऊन तिच्या जागी बाजाराची आवड आली, एवढाच काय तो फरक.

आता तर तेही मागे पडत चालले आहे. मोबाइलला विचारावे ते गाणे क्षणात हजर होते, आणि आपण काय ऐकतो हे ध्यानात ठेवून तो पुढचे गाणे आपणच लावतो. कुणाकडे फर्माइश करायला नको, बुधवारची वाट पाहायला नको. ही सोय मोठीच. तिला नाके मुरडण्यात अर्थ नाही. विविधभारतीनेही तोच मार्ग धरला आहे. ती आता एफ. एम.वर आहे आणि मोबाइलवरही आहे; गोराई रोडवरचे गाणे आज न्यू जर्सीतल्या सुनेच्या स्वयंपाकघरात वाजू शकते.

तथापि एक हिशेब मांडून पाहावा. केसकरांच्या काळात आपल्याला मिळाले ते आपण मागितलेले नव्हते. गीतरामायण कुणीही पोस्टकार्ड पाठवून मागवले नव्हते. सिलोनने जे दिले, ते आपण मागितलेले होते. विविधभारतीने या दोहोंची सांगड घातली: अर्धे आपल्या आवडीचे, अर्धे आवडायला लावणारे. आवडीचेच पुनःपुन्हा वाढणारे यंत्र पोट भरते, पण जिभेला नवी चव लावत नाही. शिवाय ज्या क्षणी जेसल पार्कातला माणूस गाणे ऐकतो, त्याच क्षणी ते सोलापुरातला शिंपी ऐकतो आणि सीमेवरचा जवानही ऐकतो, ही जाणीव खिशातले यंत्र देत नाही.

सरकारी वाहिनी तोट्यात चालते, तिला आता कोण ऐकते, असे प्रश्न अधूनमधून निघतात. त्यांचे उत्तर आपल्याच हाती आहे. यंदाच्या दिवाळीत फराळाची भांडी चुलीवर चढतील तेव्हा घटकाभर रेडिओ लावावा, आणि जमलेच तर एक फर्माइशही पाठवावी. पूर्वी तिला पोस्टाने दिवसचे दिवस लागत. आता तेवढाही उशीर नाही. आणि भाईंदरकरांना तर तीन स्टेशनांचेच अंतर आहे.