ना काळा बैल, ना पांढरा

मी भिक्खू नाही. भिलाईच्या प्लांटात शंटिंगच्या कामावर माझी उमर गेली. वॅगन जोडायच्या, वॅगन सोडवायच्या. वडील भंडाऱ्याकडचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेऊन आले आणि पुढे प्लांट उभा राहू लागल्यावर पोटासाठी इकडे आले. इथल्या पहिल्या भट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ चं. म्हणजे आमच्या घरात धम्म आधी आला, पगार मागाहून.

वर्षावासात रिसालीच्या आमच्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायची पाळी माझ्यावर येते. एकदा भंतेजी येऊ शकले नाहीत, तेव्हा एक आजी म्हणाल्या, “आता तू सांगशील का धम्म? तू त ड्युटीवाला माणूस हाय!” मी पुस्तक मिटलं आणि त्यांना चित्त गृहपतीची गोष्ट सांगितली.

चित्त मच्छिकासंड गावचा श्रीमंत माणूस. आपली अंबाटकवन नावाची बाग त्याने भिक्खूंना दिली. घरदार, कारभार, काहीच सोडलं नाही. तरीही धम्म सांगणाऱ्या उपासकांमध्ये बुद्धांनी पहिलं नाव त्याचं घेतलं. संयुत्तनिकायात त्याच्या नावाचा दहा सुत्तांचा वेगळा भागच आहे.

त्या बागेत एकदा थेरांची चर्चा चालली होती: बंधन आणि बंधनात टाकणारी वस्तू एकच की वेगळी? चित्त काही कामाने जवळच्या गावी आला होता. तो येऊन बसला आणि म्हणाला, काळा बैल नि पांढरा बैल एका दोराने जुंपले, तर काळ्याने पांढऱ्याला बांधलं का? पांढऱ्याने काळ्याला? नाही. बांधतो तो दोर. तसंच डोळा रूपाला बांधत नाही, रूप डोळ्याला बांधत नाही. दोघांमुळे जी आसक्ती उपजते, ती बांधते. मला हे वाचताक्षणी कळलं. वॅगनीला वॅगन चिकटत नसते, मध्ये कपलिंग असतं. शंटिंगवाल्याला एवढं पक्कं ठाऊक.

पण आजींच्या प्रश्नाचं खरं उत्तर पुढच्या प्रसंगात आहे. सुधम्म नावाचे भिक्खू तिथेच राहत. त्यांना विचारल्याशिवाय चित्त कोणा भिक्खूला जेवायला बोलावत नसे. एकदा सारिपुत्त वगैरे थेर आले. त्यांचा उपदेश ऐकून चित्ताने तिथल्या तिथे आमंत्रण दिलं आणि सुधम्मांना नंतर सांगितलं. सुधम्म रुसले. स्वयंपाक पाहायला आले नि म्हणाले, सगळं आहे, फक्त तिळाच्या वड्या नाहीत! भाष्यकार सांगतात, चित्ताच्या पूर्वजांत कोणी असले पदार्थ विकणारा होता. टोमणा कुळावर होता. चित्तही गप्प बसला नाही. कोंबडी नि कावळ्याच्या पिल्लाला धड आरवता येईना, धड काव काव करता येईना, अशी गोष्ट त्याने ऐकवली.

सुधम्म तक्रार घेऊन श्रावस्तीला गेले. बुद्धांनी सगळं ऐकलं आणि त्यांनाच दोष दिला: जा, त्या गृहस्थाची क्षमा माग. सुधम्म गेले खरे, पण शरमेने तोंड उघडेना, परत आले. मग सोबत एक भिक्खू देऊन त्यांना पुन्हा पाठवलं. चीवर घातलेल्याने घरसंसार करणाऱ्याचा अपमान केला, तर त्याची माफी मागावी, हा संघाचा नियम झाला. कुळावरून टोमणे खाल्लेल्या आमच्या लोकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

शेवटच्या आजारात देवतांनी चित्ताला सुचवलं, पुढच्या जन्मी चक्रवर्ती राजा होण्याची इच्छा धर. तो म्हणाला, तेही अनित्य, तेही सोडूनच जायचं. सोयऱ्यांना वाटलं, म्हातारा बरळतोय. त्याने त्यांना जवळ बोलावून समजावलं, बुद्ध-धम्म-संघावर श्रद्धा ठेवा, दान करत राहा असं सांगितलं आणि प्राण सोडला. मरतानाही धम्मच सांगत होता, तोही घरच्या माणसांना.

गोष्ट संपल्यावर आजी एवढंच म्हणाल्या, “वाच मग पुढं.”

तुमच्या विहारातही भंतेजी रोज येऊ शकत नसतील. आले की अडलेलं विचारा. तोवर पुस्तक कपाटात ठेवू नका. ड्युटीवरून आलेल्या माणसाच्या हातात द्या.