मूत्रपिंडाचा विकार आणि मांसाहार

गोंदिया जिल्हा भाताचा आणि तलावांचा. तेथील मांसाहारी घरांत कोणाचें मूत्रपिंड दुर्बळ झालें, कीं पहिला प्रश्न उठतो मांसाचा. पैकीं गोमांसाचा निकाल कायद्यानेंच लावला आहे: १९७६ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत गाईची व २०१५ च्या दुरुस्तीनें बैलाचीही कत्तल निषिद्ध ठरली. म्हशीच्या मांसास तशी बंदी नाहीं. वैद्यक मात्र मांस कोणाचें यापेक्षां तें किती, हें अधिक पाहतें. प्रथिनांपासून यूरिया होतो, आणि दुर्बळ मूत्रपिंडास तो बाहेर टाकणें जड जातें. म्हणून वजनाच्या दर किलोमागें दिवसास सुमारें ०.८ ग्रॅम प्रथिनें, असा सर्वसाधारण दंडक आहे. नेमका आंकडा डॉक्टरांनीं ठरवावा. ६० किलोच्या मनुष्यास हीं ४८ ग्रॅम होतात, आणि शिजविलेल्या १०० ग्रॅम म्हशीच्या मांसांतच त्यांतील निम्म्याहून अधिक भरतात! भात-वरणाचा वांटा धरला म्हणजे ताटांत दोनतीन लहान तुकड्यांपुरतीच जागा उरते. नवेगावबांधच्या ताज्या मासळीसही असेंच माप लावावें. खारवलेली सुकी मासळी मिठामुळें वर्ज्यच बरी. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र हिशेब पालटतो. त्या क्रियेंत प्रथिनांचे घटक वाहून जातात, व त्याच रोग्यास दर किलोमागें १ ते १.२ ग्रॅम प्रथिनें लागतात. अशा वेळीं घरच्यांनीं जुन्याच पथ्याच्या धास्तीनें मांस-मासळी तोडली, तर रोगी खंगत जातो.